विमा प्रतिनिधीपद आणि गुन्ह्यातील दोषसिद्धी

विमा प्रतिनिधीपद आणि गुन्ह्यातील दोषसिद्धी हा भारतीय विमा कायद्यातील पात्रतेशी संबंधित विषय आहे. न्यायालयाने एखाद्या गुन्ह्यात दोषी ठरवलेल्या व्यक्तीला विमा प्रतिनिधी (कायद्याच्या भाषेत विमा अभिकर्ता, बोलीभाषेत एजंट) होता येते किंवा नाही, हे मुख्यतः विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४२ वरून ठरते. हे कलम प्रत्येक गुन्ह्याला अपात्रतेचे कारण मानत नाही. विश्वासाला तडा देणाऱ्या चार प्रकारच्या गुन्ह्यांतील दोषसिद्धी तेवढी ते अपात्रतेचे कारण मानते. शिवाय शिक्षा पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी ही अपात्रता दूर करण्याचा मार्गही त्याच कलमात दिलेला आहे. तरीही 'पोलिसांत नाव असलेल्या माणसाला एजंट होता येत नाही' असा समज सर्वत्र रूढ आहे. या व्यवसायाला भांडवल लागत नाही आणि दहावी उत्तीर्ण व्यक्तीलाही तो करता येतो. त्यामुळे शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने या समजाचा परिणाम थेट उपजीविकेवर होतो. कायदा देशभर एकच असला, तरी आवश्यक कागदपत्रे स्थानिक कार्यालयांतूनच मिळवावी लागतात. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांतील कार्यपद्धती पुढे उदाहरणादाखल दिली आहे.

पार्श्वभूमी

विमा अधिनियम १९३८ साली संमत झाला व १ जुलै १९३९ पासून अंमलात आला. त्या काळी विम्याचा व्यवसाय खाजगी कंपन्यांच्या हाती होता. १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळाची स्थापना होऊन आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या अधिनियमाने विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वात आले आणि खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र पुन्हा खुले झाले. प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबाद येथे आहे.

२०१५ पूर्वी प्रतिनिधीला कलम ४२ खाली परवाना दिला जाई व त्याची मुदत तीन वर्षांची असे. विमा कायदे (सुधारणा) अधिनियम, २०१५ ने ही परवाना पद्धत बंद केली. आता विमा कंपनी स्वतःच प्रतिनिधीची नेमणूक करते व तसे नेमणूकपत्र देते. 'एजंटचे लायसन्स' हा शब्दप्रयोग मात्र लोकांच्या बोलण्यात टिकून आहे. या बदलामुळे पात्रता तपासण्याची पहिली जबाबदारी कंपनीवर आली. अपात्र व्यक्तीला नेमणाऱ्या कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत, तर अपात्र असूनही काम करणाऱ्या व्यक्तीला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद याच सुधारणेने केली. दंडाची ही तफावत पाहता, शंका असलेल्या अर्जदाराला नकार देण्याकडे कंपन्यांचा कल राहणे स्वाभाविक आहे.

अपात्रतेस कारण ठरणारे गुन्हे

कलम ४२ च्या पोटकलम (३) मध्ये अपात्रतेची कारणे दिली आहेत. अज्ञान असणे, सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवणे, विहित अर्हता किंवा परीक्षा पूर्ण न करणे, आचारसंहितेचा भंग करणे ही त्यांपैकी काही होत. गुन्ह्याशी संबंधित खंड (ग) मध्ये पुढील गुन्हे येतात :

• मालमत्तेचा फौजदारीपात्र गैरविनियोग, म्हणजे दुसऱ्याची वस्तू किंवा पैसा अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे (भारतीय दंड संहिता, कलम ४०३, भारतीय न्याय संहिता, कलम ३१४)
• फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार (कलमे ४०५ ते ४०९, न्याय संहिता, कलम ३१६)
• फसवणूक किंवा ठकवणूक (कलमे ४१५ ते ४२०; न्याय संहिता, कलम ३१८)
• बनावट दस्तऐवज तयार करणे (कलम ४६३ व त्यापुढील कलमे, न्याय संहिता, कलम ३३६)

या गुन्ह्यांना अपप्रेरणा देणे किंवा ते करण्याचा प्रयत्न करणे हेही अपात्रतेस पुरेसे ठरते. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असल्याने त्यापूर्वीच्या घटनांचे निकाल जुन्या कलमांनुसार दिलेले आढळतात.

या चार गुन्ह्यांच्या निवडीमागे प्रतिनिधीच्या कामाचे स्वरूप आहे. तो लोकांच्या घरी जाऊन प्रस्ताव भरून घेतो, वय, आजार व उत्पन्न यांची माहिती लिहून घेतो आणि अनेकदा हप्त्याची रक्कमही त्याच्या हाती येते. प्रतिनिधीने गोळा केलेला हप्ता, बँक व टपालाच्या सुट्या वगळून, २४ तासांच्या आत कंपनीकडे भरावा किंवा टपालाने रवाना करावा, असे याच अधिनियमाचे कलम ६४ व्हीबी सांगते. आयुर्विमा महामंडळाच्या नियमांनुसार तर विशेष अधिकार दिल्याखेरीज प्रतिनिधीला हप्ता स्वीकारण्याचा अधिकारच नसतो. प्रतिनिधीकडे दिलेला हप्ता वेळेत महामंडळाकडे पोहोचला नाही, तर तो महामंडळाला मिळाला असे मानता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने हर्षद शहा विरुद्ध आयुर्विमा महामंडळ (१९९७) या प्रकरणात दिला. म्हणजे प्रतिनिधीच्या अप्रामाणिकपणाची किंमत अनेकदा मृत विमाधारकाच्या कुटुंबाला मोजावी लागते.

खंड (घ) वेगळ्या स्वरूपाचा आहे. विमापत्रासंबंधीच्या न्यायालयीन कामकाजात, विमा कंपनी गुंडाळण्याच्या कार्यवाहीत किंवा तिच्या कारभाराच्या चौकशीत एखाद्या व्यक्तीने कंपनीशी किंवा विमाधारकाशी लबाडी केल्याचे आढळले, तर ती व्यक्ती अपात्र ठरते. यासाठी फौजदारी शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही आणि या खंडाला पाच वर्षांनंतरच्या सवलतीची जोडही नाही.

यादीत नसलेले गुन्हे

मारामारी, दुखापत, शेताच्या बांधावरून झालेली भांडणे, निष्काळजीपणे वाहन चालवणे, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम किंवा जुगार प्रतिबंधक अधिनियम यांखालील गुन्हे खंड (ग) मध्ये येत नाहीत. चोरीचाही त्यात नावाने उल्लेख नाही. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खालील धनादेश अनादराचा गुन्हाही यादीबाहेर आहे. पतसंस्थेचे कर्ज थकल्याने किंवा उधारीच्या व्यवहारात दिलेला धनादेश न वटल्याने शिक्षा झालेल्या व्यक्तीला केवळ त्या कारणाने कलम ४२ अपात्र ठरवत नाही. त्याच व्यवहारात फसवणुकीचा वेगळा खटला चालून दोष सिद्ध झाला असेल, तर मात्र अपात्रता लागू होते. पतसंस्था, दूध संस्था किंवा विकास सोसायटी यांतील अपहाराचे खटलेही सामान्यतः न्यासभंग, फसवणूक व बनावट दस्तऐवज या कलमांखालीच चालतात. म्हणून ते थेट यादीच्या कक्षेत येतात.

गुन्हा यादीत नाही म्हणून कंपनीवर नेमणूक करण्याचे बंधन येत नाही. कलम ४२ नुसार कंपनी प्रतिनिधी नेमू 'शकते'. यादीबाहेरच्या गुन्ह्यामुळे मिळालेला नकार हा कंपनीच्या धोरणाचा भाग असतो. ती कायद्यातील अपात्रता नव्हे.

आरोप, नोंद आणि दोषसिद्धी

अपात्रता 'न्यायालयाने दोषी ठरवल्यावर' लागू होते. प्राथमिक माहिती अहवालात (एफआयआर) नाव येणे, अटक होणे, दोषारोपपत्र दाखल होणे किंवा खटला प्रलंबित असणे यांपैकी काहीही दोषसिद्धी नव्हे. व्यवहारात मात्र या सर्वांना सरसकट 'रेकॉर्ड' म्हटले जाते. निरनिराळ्या स्थितींचा खंड (ग) खालील परिणाम पुढीलप्रमाणे सांगता येतो :

• निर्दोष मुक्तता : अपात्रता नाही. पोलिसांच्या अभिलेखात गुन्ह्याची नोंद निकालासह राहू शकते.
• 'ब' किंवा 'क' समरी : तक्रार खोटी होती, अथवा गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झाली होती, असा पोलिसांचा अहवाल न्यायालयाने स्वीकारल्यास खटलाच चालत नाही, अपात्रता नाही.
• तडजोड : कायद्यानुसार आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यातील तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. फसवणूक व न्यासभंगाचे अनेक गुन्हे न्यायालयाच्या परवानगीने असे मिटवता येतात.
• चॅप्टर केस : चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याची ही प्रतिबंधक कारवाई आहे, ती दोषसिद्धी नाही.
• तडीपारी : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील हद्दपारीचा आदेश, तोही दोषसिद्धी नाही.
• अपील प्रलंबित : केवळ शिक्षेला स्थगिती मिळाली असेल तर दोषसिद्धी कायम राहते व अपात्रताही राहते. अपील न्यायालय अपवादात्मक परिस्थितीत दोषसिद्धीलाच स्थगिती देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने रमा नारंग प्रकरणात (१९९५) स्पष्ट केले आहे.

दोषसिद्धी असूनही संरक्षण

दोन कायदे दोषी ठरलेल्या व्यक्तीलाही अपात्रतेपासून संरक्षण देतात. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ खाली न्यायालयाने समज देऊन अथवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्या व्यक्तीला, त्याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार, दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागत नाही. बंधपत्राचा भंग होऊन पुढे मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा झाली, तर हे संरक्षण संपते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकालाही दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. सोळा वर्षांवरील ज्या बालकाचा खटला गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून चालवला जातो, त्याच्या बाबतीत या तरतुदीला अपवाद आहे.

पाच वर्षांनंतरची घोषणा

खंड (ग) च्या परंतुकानुसार शिक्षा पूर्ण होऊन किमान पाच वर्षे लोटली असतील, तर ती दोषसिद्धी यापुढे अपात्रता म्हणून लागू राहणार नाही, असे प्राधिकरणाने 'सामान्यतः' घोषित करायचे असते. या वाक्यातील तीन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली, मुदत गुन्हा घडल्यापासून किंवा निकालापासून नव्हे, तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून मोजली जाते. दुसरी, अपात्रता आपोआप संपत नाही. प्राधिकरणाची घोषणा आवश्यक असते. तिसरी, 'सामान्यतः' या शब्दामुळे घोषणा करणे हा नियम व नकार हा अपवाद ठरतो.

२०१५ पूर्वीच्या कलमातही हीच तरतूद होती. परवाना देणारी व घोषणा करणारी यंत्रणा तेव्हा एकच होती. नेमणुकीचे काम कंपन्यांकडे गेल्यावर घोषणेचा अधिकार मात्र प्राधिकरणाकडेच राहिला. त्यामुळे पाच वर्षे पूर्ण झालेल्या अर्जदाराला कंपनीच्या शाखेतून परस्पर नकार मिळाला, तरी शाखेला घोषणेचा अधिकार नसतो व तिचा नकार प्राधिकरणाचा निर्णय ठरत नाही. घोषणेसाठी प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करणे व त्यासोबत निकाल आणि शिक्षा पूर्ण झाल्याचा पुरावा जोडणे, हाच या तरतुदीचा लाभ घेण्याचा मार्ग आहे.

नेमणुकीची प्रक्रिया

प्रतिनिधींची नेमणूक प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांनुसार होते. अर्जदार अठरा वर्षे पूर्ण झालेला व दहावी उत्तीर्ण असावा लागतो. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांना राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीची परीक्षा देता येते. त्यानंतर मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिचे पाठ्यपुस्तक 'आयसी ३८' या नावाने ओळखले जाते.

अर्ज कंपनीच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातो. आयुर्विमा महामंडळात अर्जदाराची पहिली गाठ बहुधा विकास अधिकाऱ्याशी पडते. परंतु पात्रतेचा निर्णय त्याच्या हाती नसतो. पदनिर्देशित अधिकारी पॅन क्रमांक, परीक्षेचे प्रमाणपत्र, प्रतिनिधींची मध्यवर्ती नोंद व काळ्या यादीतील नावे तपासतो. कलम ४२ मधील कोणतीही अपात्रता आपल्याला लागू नाही, असे अर्जदाराला घोषित करावे लागते. नकार दिल्यास तो लेखी कारणांसह कळवावा लागतो आणि त्याविरुद्ध कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. एका व्यक्तीला एका वेळी एका आयुर्विमा, एका सर्वसाधारण विमा व एका आरोग्य विमा कंपनीचे काम करता येते.

महामंडळाने ९ डिसेंबर २०२४ रोजी सुरू केलेल्या 'विमा सखी' योजनेतील महिलाही महामंडळाच्या प्रतिनिधीच असतात. म्हणून कलम ४२ त्यांनाही लागू होते.

शिरूर व दौंड तालुके

घोड नदीकाठचे शिरूर पुणे–अहिल्यानगर मार्गावर आहे, तर भीमेकाठचे दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे. न्हावरे–चौफुला मार्गाने हे तालुके एकमेकांना जोडलेले आहेत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, साखर कारखाने आणि दुग्धव्यवसाय यांमुळे या भागात कामगार व शेतकरी अशा दोन्ही वर्गांत विम्याचे काम चालते.

दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलीस अधीक्षकांच्या अधिकारक्षेत्रात येतात. शिरूर तालुक्यात शिरूर, शिक्रापूर व रांजणगाव एमआयडीसी, तर दौंड तालुक्यात दौंड व यवत ही पोलीस ठाणी आहेत. दौंड स्थानकाच्या व रेल्वेच्या हद्दीतील गुन्हे लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवले जातात. त्यांची यंत्रणा वेगळी असल्याने अशा गुन्ह्याची माहिती तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मिळेलच असे नाही. कंपनीने मागितल्यास चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. गावच्या पोलीस पाटलाचा दाखला या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही.

जुना खटला झालेल्या अर्जदाराला पुढील कागदपत्रे उपयोगी पडतात :

• निकालपत्राची प्रमाणित नक्कल. शिरूर व दौंड येथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये असून नकलेसाठी संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो.
• दंड भरल्याची पावती.
• कारावास भोगला असल्यास कारागृहातून सुटल्याचा दाखला. येरवडा मध्यवर्ती कारागृहात शिक्षा भोगली असल्यास तो तेथून मिळवावा लागतो.
• अपील झाले असल्यास वरिष्ठ न्यायालयाचा आदेश.

खटला नेमका कोणत्या कलमाखाली चालला व शेवटी कोणते कलम सिद्ध झाले, हे केवळ निकालपत्रावरून कळते. पोलीस नोंदीत लावलेली सर्व कलमे दिसतात. न्यायालयाने त्यांतील काही वगळलेली असू शकतात. फसवणूक व मारहाण अशा दोन्ही कलमांखाली चाललेल्या खटल्यात केवळ मारहाण सिद्ध झाली असेल, तर खंड (ग) लागू होत नाही.

तालुका विधी सेवा समित्यांमार्फत मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला तसेच अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता या साहाय्यास पात्र असतात.

विमुक्त जमाती

शिरूर व दौंड तालुक्यांत फासेपारधी समाजाची वस्ती आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याच्या नंतरच्या रूपांनी काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. १९२४ चा केंद्रीय कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तेव्हापासून या जमातींना विमुक्त म्हटले जाते. त्यानंतरही सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांतून, उदाहरणार्थ मुंबईच्या १९५९ च्या अधिनियमातून, व्यक्तींची नावे पोलिसांच्या यादीत घेण्याची पद्धत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात कारागृहांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना या वर्गीकरणाच्या गैरवापरावरही बोट ठेवले.

विमा प्रतिनिधीपदाच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. जमात, वस्ती, संशयितांच्या यादीतील नाव किंवा वारंवार झालेली चौकशी यांपैकी एकही गोष्ट कलम ४२ खाली अपात्रता ठरत नाही. पारधी ही महाराष्ट्रात अनुसूचित जमात असल्याने नकाराविरुद्ध दाद मागताना वर उल्लेखिलेले मोफत साहाय्य या अर्जदारांना मिळू शकते.

माहिती दडवल्याचे परिणाम

अपात्रता असताना खोटी घोषणा करून मिळवलेली नेमणूक रद्द होऊ शकते व नाव काळ्या यादीत जाऊ शकते. काळ्या यादीची नोंद सर्व कंपन्यांना दिसत असल्याने दुसऱ्या कंपनीचे दारही त्यामुळे बंद होते. नेमणुकीनंतर दोषसिद्धी झाली, तरी कारणे दाखवा नोटीस व चौकशी होऊन प्रतिनिधीपद काढून घेतले जाते. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती दडवण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात (२०१६) मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. माहिती खरी दिलेली असली तरी पूर्वेतिहास विचारात घेण्याचा मालकाचा हक्क त्या निकालाने मान्य केला. तसेच क्षुल्लक प्रकरणातील चूक माफ करता येते, असेही म्हटले. विमा प्रतिनिधी हा कंपनीचा नोकर नसल्याने ही तत्त्वे त्याला थेट लागू होत नाहीत.

इतर देशांतील तरतुदी

अमेरिकेत १९९४ च्या संघीय कायद्यानुसार अप्रामाणिकपणा किंवा विश्वासघाताच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला राज्याच्या विमा नियामकाच्या लेखी संमतीवाचून विमा व्यवसायात काम करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या अपराधी पुनर्वसन कायद्याने ठरावीक काळानंतर अनेक दोषसिद्धी 'कालबाह्य' मानल्या जातात. वित्तीय क्षेत्रातील काही पदांना मात्र त्यातून वगळले आहे. भारतात सर्व व्यवसायांना लागू होणारा असा सर्वसाधारण पुनर्वसन कायदा नाही. त्यामुळे विमा व्यवसायात परतू इच्छिणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने कलम ४२ मधील पाच वर्षांच्या परंतुकाचे महत्त्व अधिक आहे.

हेही पहा

• भारतीय आयुर्विमा महामंडळ
• भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण
• विमुक्त जमाती
• शिरूर तालुका
• दौंड तालुका